नेसून ने, अख्खी ने

“नेसून ने, अख्खी ने. आणि मालती, कात्री लावू नकोस हं तिला.”

शेवटच्या आजारात शालनताईंचा आवाज अगदी तळाला गेला होता. पाणी हवं असलं तरी त्यांच्या ओठांशी कान न्यावा लागे. पण हे एवढं त्या अशा खणखणीत बोलल्या की बाहेर टीव्ही बघत बसलेल्या देवव्रतनं, त्यांच्या मुलानं, आवाज बारीक करून विचारलं, “आई, काही हवंय का?”

“तुझं चालू दे रे. आमचं जावाजावांचं आहे.”

मालतीनं त्यांचा हात हातात घेतला. “नेईन, शालनताई. देवाशपथ नेईन.”

“देवाची शपथ नको बाई.” शालनताई हसल्या आणि हसताना त्यांना धाप लागली. “तुझ्या देवाला तू इतकं काही कबूल करून बसली आहेस की माझा नंबर लागायचा नाही. नुसतं हो म्हण.”

“हो.”

ती म्हणजे साडी. मोरचुदी रंगाची, छापील रेशमी, अंगभर काळ्या रेषेची मोठमोठी पानं आणि पदराला पिवळ्या रंगाची एकच जाड पट्टी. शालनताई कर्जतला शाळेत चित्रकला शिकवत. तरुणपणी एकदा मुंबईत शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात त्यांचं एक चित्र निवडलं गेलं: कडावच्या खाचरात लावणी करणाऱ्या पाठमोऱ्या बायका. शालनताईंनी स्वतःच्या पगारातून दादरला जाऊन ही साडी आणली, तिच्यावर फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. बेत सगळा ठरला. सकाळी निघायचं, चित्रं बघायची, मग एखाद्या बऱ्याशा हॉटेलात ऐसपैस बसून मसाला डोसा आणि कॉफी, दिवेलागणीला घरी. “चित्रं बघायला जायचं तर आपणही जरा बघण्यासारखं असावं,” असं त्या आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या. मालती तेव्हा घरात नवी होती. श्रावण लागलेला. आणि प्रदर्शनाचा तो एकच दिवस, मंगळवार, नेमका मालतीच्या पहिल्या मंगळागौरीचा निघाला.

“थोरली सून घरात नसली तर पत्री कोण मांडणार आणि रात्र कोण जागवणार?” सासूबाई म्हणाल्या. “चित्रं काय, पुढच्या वर्षीही टांगतील.”

पुढच्या वर्षी कुणी टांगली नाहीत. चित्र गुंडाळी होऊन टपालानं परत आलं आणि माळ्यावर वाळवीनं खाल्लं. शालनताई त्या मंगळवारी साध्या सुती साडीत खाली मान घालून सोळा झाडांची पत्री मांडत होत्या आणि पाटावर नटून बसलेली मालती बघत होती. काय सुरेख मांडली होती! आलेल्या बायका गौरीआधी पत्रीलाच नावाजत होत्या. पुढे शालनताईंनी तो विषय काढला नाही. मग नोकरी, देवव्रतचं शिक्षण, नवऱ्याचं दुखणं, आणि सवड झाली तेव्हा गुडघे गेले. पण ती साडी त्या कुठल्या लग्नाला नेसल्या नाहीत की मुंजीला. कुणी विचारलंच तर म्हणत, “ती चित्रांची आहे.”

दोघी विधवा जावा दहिवलीच्या फ्लॅटमध्ये एकत्र म्हाताऱ्या झाल्या. एक देवघरात, एक खिडकीत. शालनताईंना देवाचं फारसं नव्हतं आणि मालतीला चित्रांतलं काही कळत नव्हतं, तरी दोघींचं बरं चाललं होतं.

शालनताई ज्येष्ठात गेल्या. घरातलं माणूस गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत नवं लुगडं अंगाला लावायचं नाही, ही घरची रीत. मालतीनं ती पाळली. वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ आषाढी एकादशी आली. चातुर्मासात मालतीचे नेम असत: एक वेळ जेवण, बाहेरचं काही खायचं नाही, आणि नदी ओलांडायची नाही. दहिवली नदीच्या अलीकडे, एसटी स्टँड आणि स्टेशन पलीकडे. म्हणजे कार्तिकीपर्यंत कुठे जाणं नाही. कार्तिक झाला की कुठल्याशा प्रदर्शनाला नेऊ, मालतीनं मनाशी ठरवलं. साडी कुठे पळून जाते आहे? शालनताईंच्याच कपाटात तळाशी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. ती आपल्या खोलीत आणून ठेवावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. राहिलं.

त्या खोलीत आता तनया राहायची. देवव्रतची लेक. मुंबईची नोकरी सुटली म्हणून आजीच्या घरी आली होती आणि आल्यापासून तिनं एक उद्योग काढला होता. जुन्या पद्धतीचे कपडे शिवून घ्यायचे आणि मोबाइलवरून विकायचे. पानाचं नाव ‘जुनं कपाट’. मोठ्या ठिपक्यांचे फ्रॉक, फुग्याच्या बाह्या, घेरदार विजारी, गळ्याशी गाठ मारायचे रुमाल, मांजरीच्या डोळ्यांसारखे गॉगल. त्याचेही तिनं वर्ग पाडले होते. हे निवांत भटकायला, हे बाहेर जेवायला, आणि हे चित्रं बघायला.

“चित्रं बघायला निराळे कपडे?” मालतीनं एकदा विचारलं होतं.

“मग! छोटी आजी, गॅलरीत जायचं तर आपण पण जरा चित्रासारखं नको दिसायला?”

मालतीच्या हातातली वात तशीच राहिली होती. आवाज तनूचा होता, वाक्य तिच्या आजीचं. पोरीनं हे कधी ऐकलेलं असणंही शक्य नव्हतं. रक्तातच असेल, असं म्हणून मालतीला त्या दिवशी बरंच वाटलं. म्हणूनच पोरीनं “आजीच्या साड्या घेऊ का गं कपड्यांसाठी?” असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, “घे की. तुझ्याच आजीच्या आहेत.” एक सोडून, हे सांगायला हवं होतं. त्याच वेळी दारात दूधवाला आला.

मग तो श्रावणी सोमवार उजाडला.

मालतीचं सोमवारी काष्ठमौन असे. नुसतं बोलायचं नाही एवढंच नव्हे. खूण करायची नाही, मान हलवायची नाही, पाटीवर लिहायचं नाही. लाकूड असतं तसं राहायचं, सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत. यजमानांच्या आजारात धरलेलं व्रत. यजमान गेले, मौन राहिलं. हातानं काम केलेलं चालतं, म्हणून ती देवघराशी बसून लाखोळीच्या वाती वळत होती.

तनया आतून धावत आली. दोन्ही हातांवर मोरचुदी साडी.

“छोटी आजी! अगं हे काय आहे! ही तळाशी काय करत होती? प्रिंट बघ ना. आत्ता असं छापून मागितलं तरी मिळायचं नाही.” तिनं साडी झटकून उलगडली. इतक्या वर्षांची घडी. कडुनिंबाचा वाळका पाला फरशीवर सांडला. “रविवारी मुंबईहून सईचा, माझ्या तिथल्या मैत्रिणीचा, ग्रुप येतोय. खालापूरजवळ ती भाताची गिरण आहे ना, तिचं हॉटेल केलंय, वर चित्रांचं प्रदर्शन लागलंय. सगळ्या जणी माझे कपडे घालून जाणार आहेत. सईला काय द्यावं ते सुचतच नव्हतं. हे! हेच! घेरदार पँट आणि वर बिनबाह्यांचं जाकीट. घेऊ?”

मालतीची बोटं थांबली. चिमटीतला कापूस तिथेच राहिला.

“अरे हो, तू आज ओंडका आहेस.” तनयानं हसून तिच्यासमोर बैठक मारली. “बरं, असं करू. नको असेल तर शिंक.”

मालतीनं समोर समईकडे बघितलं. एक शब्द. ‘नको’ एवढाच. तेवढ्यानं श्रावणातला सोमवार मोडला असता, आणि तोही आज, उद्यापन तोंडावर आलेलं असताना. आणि हात पुढे केला असता तरी मोडलाच असता. संध्याकाळी सांगू, ती मनात म्हणाली. आज नेईल, आजच्या आज कोण कापतंय? कुठला शिंपी वेळेवर काम करतो?

“नाही शिंकलीस. म्हणजे हो!” तनयानं तिच्या गालाला गाल लावला आणि साडी पिशवीत घातली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मालती वाती वळत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, कारण पुसणंही एक प्रकारे सांगणंच. आणि खरं लिहायचं तर, मनाच्या कोपऱ्यात थोडंसं समाधानही होतं. एवढं झालं तरी मौन ढळलं नाही.

दिवा लावला, नमस्कार केला, आणि आधी फोन घेतला.

“तनू, ती साडी कापू नको.”

“छोटी आजी? थांब, मशीनचा आवाज आहे. नेरळला आहे मी, तस्लीमभाईंकडे. काय म्हणालीस?”

“मोरचुदी साडी. ती कापायची नाही.”

पलीकडे मशीन थांबलं. “अगं, कापून झाली. दुपारीच. रविवारची घाई आहे म्हणून सगळ्यात आधी तीच घेतली.”

मालती खाली बसली. बसल्या बसल्या तिनं सगळं सांगितलं. प्रदर्शन, मंगळागौर, पत्री, वाळवी, शेवटच्या आजारातला तो खणखणीत आवाज. ती रडत सांगत होती.

“मग तू सांगायचं नाहीस का?” शेवटी तनया म्हणाली. तिचाही आवाज चिरला होता. “मी विचारलं तुला. समोर बसून विचारलं. एक शब्द बोलायचास!”

“माझं मौन होतं गं.”

“मौन होतं. आणि आजीला दिलेला शब्द?”

मालतीनं पदरानं डोळे पुसले. मग तनयाच मऊ आवाजात म्हणाली, “पण छोटी आजी, गोष्ट काय सुंदर आहे गं ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला आलेल्या कोंडीला सगळं कळलं. कडावची बाई, तिला सांगावं लागत नाही. घरात पाऊल टाकलं की वास लागतो.

“तुमी नाय बोल्ला?” केरसुणी हातात धरून ती उभी राहिली. “डोल्यादेकत साडी गेली आन् तुमी नाय बोल्ला? कमाल हाय बाई तुमची.”

“व्रत होतं कोंडी.”

“आमी पन करतो की सोमवार. पर घरात चोर शिरला तर वरडू का नको?”

“तनू काय चोर आहे?”

“चोर नाय, पोर हाय. चोराला निदान भ्या तरी वाटतं.” कोंडी केर काढू लागली आणि वाकल्या वाकल्या पुटपुटली, “मोटी बाई गेल्याव मी एक साडी मागितली व्हती. तवा तुमी म्हनला, बगू. त्यात माज्या दोनी पोरींचं परकर झालं असतं.”

मालती गप्प राहिली. आज मौन नव्हतं, तरीही.

रविवारी सई आणि तिच्या मैत्रिणी एक्स्प्रेसवेनं आल्या. कपडे घालायला आधी फ्लॅटवर, मग गिरणीत. घरभर अत्तराचा वास, हसणं, केस फुगवायचे फवारे. मालतीनं सगळ्यांना कोकम सरबत केलं. बायका वाईट नव्हत्या. वाकून नमस्कार करत होत्या, “आजी, तुमचं देवघर किती शांत आहे,” असं म्हणत होत्या. मग आतल्या खोलीतून सई बाहेर आली.

मोरचुदी विजार घोट्यापाशी छत्रीसारखी पसरलेली. वरती आखूड जाकीट. काळ्या पानांची देठं कमरेशी तुटली होती आणि जाकिटावर भलतीकडूनच सुरू होत होती. केसांचा उंच फुगा, कानांत मोठ्या रिंगा, हातात वेताची टोपली. सुंदर दिसत होती. तेच मालतीला सोसवेना. वाईट दिसली असती तर निदान रागावता आलं असतं.

सईच्या मनगटाला एक दोरा बांधलेला होता, त्याला प्रदर्शनाच्या खाकी निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर केलेलं कार्ड. तनयाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. मालतीनं चष्मा वर करून वाचलं.

‘एका आजीला चित्रांच्या प्रदर्शनाला जायचं होतं. तिला जाऊ दिलं नाही. आज ती तुमच्या अंगावरून जाते आहे.’

“आजी, मी रडले हो हे वाचून,” सई म्हणाली. आणि खरंच तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मालतीनं तिचा हात धरला. बोलायला तिला पहिल्यापासून जड जाई, तरी बोलली. “एक कराल का? वर जाऊन चित्रं बघाल ना? नुसतं दारातून नको. एकेका चित्रापाशी थांबून.”

“म्हणजे काय आजी! त्यासाठीच तर चाललोय.”

“नक्की?”

“प्रॉमिस!”

सगळ्या खाली उतरल्या. तनया चपला घालत होती तेव्हा मालतीनं तिला दारात गाठलं.

“ते कार्ड कशाला गं?”

“कपड्याला गोष्ट लागते, छोटी आजी. नुसता कपडा आता कुणी घेत नाही.”

“पण ते मी तुला सांगितलं होतं. रडत सांगितलं होतं.”

“म्हणून तर इतकं चांगलं लिहिता आलं.” तनया हे बोलली आणि तिलाच ते कुठेतरी लागलं असावं, कारण तिनं लगेच मालतीच्या खांद्यावर हात ठेवला. “अगं, जाते आहे ना ती प्रदर्शनाला? आजीला तेच हवं होतं. कापलेली तर कापलेली.”

मालतीनं दिवसभर तेच धरून ठेवलं. कापलेली तर कापलेली; पण आत्ता जिना चढली असेल, आत्ता पहिल्या चित्रापाशी असेल. स्तोत्र म्हणताना ओळी चुकल्या.

उन्हं कलल्यावर तनया परत आली. दमलेली, खूश. सोफ्यावर पाय वर घेऊन तिनं मोबाइल उघडला. “ये, बस. बघ किती फोटो. चार जणींनी ऑर्डरी दिल्या!”

गिरणीचं जुनं दगडी जोतं. लांब टेबल, केळीच्या पानावर मांडलेलं काहीबाही, काचेच्या बरण्यांतून सरबतं. सई हसताना, सई चमचा धरून, सई खिडकीत. मोरचुदी विजार प्रत्येक फोटोत.

“वर गेल्या होत्या ना?”

“कुठे वर?”

“चित्रं बघायला.”

“अगं, वर पंखे नव्हते लावलेले. घामानं सगळ्यांचे मेकअप उतरले असते.” तनयाचं बोट काचेवर सरकत होतं. “पण जिन्यावरचे फोटो बघ! लाकडी जिना आहे जुना, पोती चढवायचा. हा बघ. हा तर मी पानावर सगळ्यात वर लावणार आहे.”

सई जिन्यावर उभी होती, एक हात कठड्यावर, मान वळवून. तिच्या डोक्याच्या वरच्या बाजूला उघडं दार होतं आणि दारातून आतल्या भिंतीवरच्या एका चौकटीचा कोपरा दिसत होता. लाकडाचा कोपरा आणि आत थोडासा हिरवा रंग. कसलं चित्र होतं कोण जाणे.

“प्रॉमिस म्हणाली होती ती,” मालती म्हणाली.

“अगं असं म्हणतात गं लोक.” तनयानं पिशवीत हात घातला. “आणि हे तुला. पदर उरला होता, त्या पिवळ्या पट्टीमुळे विजारीत बसेना. तस्लीमभाईंकडून बटवा शिवून आणला. तुझ्या वातींसाठी.”

बटवा सुबक होता. मोरचुदी, तोंडाशी पिवळी पट्टी, ओढायला रेशमी दोरी. तनयानं तो मालतीच्या मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे आशेनं बघत राहिली. लहानपणी चित्र काढून आणून दाखवायची, अगदी तशी. शालनताई असत्या तर? कदाचित त्यांनाही ती घेरदार विजार आवडली असती. त्यांना नव्याचं भारी कौतुक. पण त्या जिना चढल्या असत्या. गुडघे धरून, बसत बसत, पण चढल्या असत्या.

“छान आहे,” मालती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मालती देवघराशी बसली, पण वाती घेतल्या नाहीत. सुईच्या टोकानं तिनं बटव्याची शिवण उसवायला घेतली. तनया चहाचा कप घेऊन दारात आली आणि थबकली.

“उसवतेस कशाला? आवडला नाही का?... बोल ना. अरे हो, सोमवार.” तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “तुझं बरं असतं, छोटी आजी. अडचणीचं काही असलं की सोमवार येतो.”

ते खरंच असेल का, हे मालती उसवता उसवता बघत राहिली. मंगळागौरीच्या दिवशी तर मौन नव्हतं. नव्या नवरीनं कुठे बोलायचं असतं, म्हणून ती बोलली नव्हती. कुणी ऐकलंही नसतं. ते एक असो. पण गेल्या सोमवारी? तेव्हा ऐकायला पोर समोर मांडी घालून बसली होती. शिंक म्हणाली होती.

कापड मोकळं झालं. घडीच्या जागी शाईसारख्या रेषा, कडेला सुईची भोकं. फार तर हातभर लांब. पिवळी पट्टी मात्र जशीच्या तशी.

कार्तिकानंतर नेऊ, तिच्या मनानं लगेच सुचवलं. तोवर आणखी कुठेतरी भरेल. चित्रं काय, पुढेही टांगतील.

ते ऐकून मालती दचकली. वाक्य सासूबाईंचं होतं. पण आवाज सासूबाईंचा नव्हता, तिचा स्वतःचा होता.

सईच्या मनगटावरच्या कार्डाच्या मागे प्रदर्शनाचं छापलेलं होतं. मंगळवारपर्यंत, असं तिनं वाचलेलं आठवत होतं.

मंगळवारी पहाटे अंघोळ करून तिनं पूजा उरकली. नेहमीपेक्षा थोडकी. आपली धुवट सुती साडी नेसली, आणि तिच्या पदराच्या टोकाला तो मोरचुदी तुकडा काल संध्याकाळी दिवा लागल्यावर धावदोऱ्यानं जोडून ठेवला होता, तो खांद्यावरून नीट पुढे घेतला. आरशात बघितलं. विटकी राखाडी साडी आणि तिला एकदमच लागलेला तो जुना रंग. बघण्यासारखं काही नव्हतं. ठिगळ लावल्यासारखं दिसत होतं, आणि ठिगळच होतं ते. नेसून ने, म्हणाल्या होत्या. नेसण्यातलं एवढंच हाताशी राहिलं होतं. अख्खी तर आता कुणालाच नेता येणार नव्हती, कधीच.

डोसा आणि कॉफी तेवढी नाही जमायची. ते शालनताईंनी समजून घ्यावं.

तनयाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती कानात यंत्रं घालून पार्सलं बांधत होती. भिंतीवर टाचलेल्या कागदावर नवी नक्षी काढलेली होती: पाठमोरी एक बाई, घेरदार विजारीत. रेषा थेट आजीची. मालती क्षणभर दाराशी थांबली. हाक मारली असती तर पोर स्कूटरवरून सोडायलाही आली असती, आणि वाटेत चार फोटोही काढले असते. मालतीनं हाक मारली नाही.

देवघरात परत येऊन तिनं हात जोडले. काय म्हणायचं ते आधी ठरवलेलं नव्हतं. क्षमा मागावी, तर ती मागताना ‘पुन्हा करणार नाही’ म्हणावं लागतं.

“आज शालनताईंचा नंबर आहे,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही थोडं थांबा.”

कोंडी जिन्यात भेटली. “कुठं सकालच्या पारी?”

“खोपोलीच्या एसटीनं. पुढे खालापूरला.”

“आन् नदी?” कोंडीनं डोळे मोठे केले. मग तिची नजर पदराच्या टोकावर गेली. तिनं भिंतीला पाठ लावून वाट दिली.

रात्री डोंगरात पाऊस झाला होता. पुलाखालून नदी गढूळ, फुगलेली जात होती. पुलाच्या तोंडाशी मालती थांबली. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून विचारलं, “स्टँड, आजी?” तिनं मानेनं नाही म्हटलं. आज मान हलवता येत होती. इतकी वर्षं श्रावणात ती इथवर येऊन नदीला हळदकुंकू वाहायची आणि मागे वळायची.

तिनं पदर सावरला, पिवळी पट्टी वर दिसेल अशी घेतली, आणि कठड्याच्या कडेकडेनं पुलावर चालू लागली.